ओळ न् ओळ वाचली

ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणत. आधी पाठीमागे म्हणत. मग एकदा ते तिच्या कानावर गेलं आणि सगळ्यांची पाचावर धारण बसली. पण तिनंच दुसऱ्या दिवशी फोन उचलून "हं, चाळणी बोलतेय" असं म्हटलं आणि विषय संपला. नाव तिला मनापासून आवडलं होतं. दुसऱ्याच्या कोडमधली चूक तिच्या हातून निसटत नसे, याचा तिला अभिमान होता आणि तो लपवायची तिला मुळीच हौस नव्हती.

ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरचा पहिला मजला. जिना चढताना रबराचा वास, वर गेल्यावर कॉफीचा, आणि खिडकीतल्या एसीखाली कायमची ठेवलेली एक बादली. बादली भरली की जो शेवटी आला त्यानं ती ओतायची, एवढी एकच शिस्त तिथं सगळे पाळत. दहा-बारा माणसं तिथं बसून दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहीत. सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक होतं पुलापलीकडचं डायलिसिस केंद्र. ज्यांच्या किडन्यांनी काम सोडलंय ती माणसं आठवड्यातून तीनदा तिथं येतात, खुर्चीत बसतात, आणि यंत्र त्यांचं रक्त धुऊन त्यांना परत देतं. कोणी कुठल्या वारी, कुठल्या खुर्चीत बसायचं ही यादी चाळणीच्या प्रोग्रॅममधून निघे.

त्या यादीत एक नाव तिच्या ताईचं होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, खिडकीजवळची खुर्ची.

ताई तिच्याहून बरीच मोठी. घरातल्या शिवणयंत्रावर लोकांच्या पँटी आखूड करून, चेनी बदलून तिनं घर चालवलं आणि धाकटीला शिकवलं. तिच्या किडन्या गेल्या तेव्हा धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं, पण ताई केंद्रातून पहिल्यांदा घरी आली ती हसतच. "तुझ्याच यादीत नाव चढलं बघ माझं," ती म्हणाली, "आता कोणाची बिशाद आहे मला विसरायची!" केंद्रातल्या नर्सबाईंनाही तिनं हे इतक्या वेळा ऐकवलं होतं, की ताई आली की त्याच म्हणत, "या, मालकीणबाई."

आता मास्तरांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्टच नाही.

मास्तर काही शाळेत शिकवत नव्हते. चाळणीच्या समोरच्या टेबलावर बसत, तिच्याहून दहा-एक वर्षांनी मोठे, चष्मा कपाळावर, आणि दुसऱ्याचं लिहिलेलं वाचताना हातात लाल पेन. कोड पडद्यावर असतो, तिथं पेनाचा काय उपयोग? काही नाही. पण हातात पेन नसलं तर त्यांना चूक दिसत नसे. ऑफिसचा नियम असा, की एकानं लिहिलेला कोड दुसऱ्यानं वाचून "ठीक आहे" म्हटल्याशिवाय गिऱ्हाइकाकडे जायचा नाही. चाळणीचं लिहिलेलं मास्तर वाचत आणि मास्तरांचं चाळणी. वाचून झालं की खाली शेरा लिहायचा. मास्तरांचा शेरा नेहमी एकाच वाक्यानं सुरू होई: ओळ न् ओळ वाचली.

सुरुवातीच्या काळात चाळणीला शंका आली, की हे खरंच वाचतात की नुसती मान डोलावतात. म्हणून तिनं आपल्या कोडच्या पोटात एक ओळ दडवून ठेवली. ती चालली असती तर केंद्राच्या पडद्यावर "मास्तर झोपलेत" असं उमटलं असतं. तासाभरात शेरा आला: "ओळ न् ओळ वाचली. मास्तर जागे आहेत. खडा काढलाय, धान्य शिजवायला हरकत नाही."

तेव्हापासून तो दोघांचा खेळच झाला. लिहिणाऱ्यानं प्रत्येक कोडमध्ये मुद्दाम एक खडा टाकायचा आणि वाचणाऱ्यानं तो शोधायचा. कधी वर्षाला तेरावा महिना, कधी शून्य नंबरची खुर्ची, कधी दोनशे वर्षांचा रुग्ण. खडा सापडला म्हणजे वाचणाऱ्यानं खरंच वाचलं. सापडला नाही, तर कोड परत पहिल्यापासून वाचायचा आणि कॉफी पाजायची. ऑफिसातल्या बाकीच्यांना हा पोरखेळ वाटे. पण या पोरखेळानं केंद्राची यादी इतकी वर्षं बिनचूक ठेवली होती, हे साहेबसुद्धा मान्य करत. ज्याच्या हाती आपली माणसं सोपवायची तो जागा आहे ना, एवढंच तर बघायचं असतं.

मग साहेबांनी एआय आणलं.

ऑफिसात त्याला जावईबापू असं नाव पडलं, कारण साहेबांनी त्याला वाजतगाजत आणल्यापासून त्याला नावं ठेवायची सोय नव्हती. जावईबापूंना काय हवं ते नीट समजावून सांगायचं, हवं तर पुन्हा सांगायचं, आणि त्यांनी जे दिलं त्याचं कौतुक करायचं. मास्तरांनी सुरुवातीला नाक मुरडलं. चाळणीनं मात्र पहिल्या आठवड्यातच मान्य केलं, की गडी कामाचा आहे. जे लिहायला तिला आठवडा लागे ते तो कॉफी निवायच्या आत लिहून देई. कुणी एकेकाळी लिहून सोडून गेलेला, कुणालाच न कळणारा जुना कोड त्याच्यापुढे ठेवला, तर तो न कंटाळता समजावून सांगे. तोच प्रश्न दहादा विचारला तरी कपाळाला आठी नाही. चाळणीनं आयुष्यात इतका समजूतदार सहकारी पाहिला नव्हता, आणि हे तिनं मास्तरांना मुद्दाम ऐकवलं.

पण तिचा खरा फायदा वेगळाच होता. काम लवकर उरकायला लागलं तशी ती बुधवारी दुपारी केंद्रात जाऊन ताईजवळ बसू लागली. ताई खुर्चीत, हाताला नळ्या, आणि धाकटी शेजारी स्टुलावर. दोघी मिळून समोरच्या खुर्चीतल्या निवृत्त ड्रायव्हरच्या घोरण्याला नावं ठेवत. इतकी वर्षं एका घरात राहून दोघींना असा वेळ मिळाला नव्हता. जावईबापूंनी तो मिळवून दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

खेळ चालूच राहिला. आता जावईबापू लिहीत, चाळणी वाचे, त्यात आपला खडा टाके आणि मास्तरांकडे पाठवी. एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. लिहिणारा थकत नव्हता, पण वाचणारी माणसंच होती. पूर्वी आठवड्याला जेवढं वाचायला यायचं तेवढं आता रोज येत होतं. तिचे डोळे संध्याकाळी चुरचुरत. मास्तरांचं कसं होत असेल, असं तिला वाटे. पण मास्तर तर पूर्वीपेक्षा झपाट्यानं वाचत होते. शेरे वेळेवर येत, खडा दर वेळी सापडे, आणि चेष्टाही रंगत चालली होती. "ओळ न् ओळ वाचली. दोनशे वर्षांच्या आजोबांना खुर्ची दिलीस, त्यांना निदान उशी तरी द्यायचीस." ती एकटीच पडद्यासमोर हसे. म्हातारपणी मास्तरांना पालवी फुटली, असं तिनं ताईला सांगितलंसुद्धा.

आणि त्यातला एक शेरा तर तिनं मनात जपून ठेवला होता. त्याच वर्षी दोघींची आई गेली. रजा संपवून चाळणी कामावर आली, कुणाशी बोलली नाही, मान खाली घालून कोड लिहिला आणि पाठवला. त्या दिवशी खडा टाकायचंही तिला सुचलं नाही. शेरा आला: "ओळ न् ओळ वाचली. चूक एकही नाही, खडाही नाही. पण लिहिणारी रडत रडत लिहीत होती असं वाटलं. उद्या येऊ नकोस, ताईजवळ बस." समोरच्या टेबलावर मास्तर खाली मान घालून बसले होते. तिला वाटलं, तोंडानं बोलायला संकोच वाटला असेल. तिनं तो शेरा ताईला वाचून दाखवला. ताई म्हणाली, "सख्ख्या भावानं काय वेगळं लिहिलं असतं!"

पुढे केंद्रानं नवीन मागणी केली. कधी यंत्र बंद पडतं, कधी पाण्याची टाकी धुवायची असते. मग त्या दिवसाच्या रुग्णांना दुसरा वार द्यावा लागतो आणि नर्सबाई फोन करकरून मेटाकुटीला येतात. हे प्रोग्रॅमनं आपलं आपण करावं. चाळणीनं जावईबापूंना सगळं समजावलं. त्यांनी एका दुपारात कोड दिला, चाचण्याही दिल्या, आणि सगळ्या चाचण्यांपुढे पास झाल्याच्या हिरव्या खुणा. शिवाय अदबीनं कळवलं, की जुन्या कोडमधल्या काही अनावश्यक गोष्टी काढून यादी स्वच्छ केली आहे.

चाळणी वाचत गेली आणि एका जागी थांबली. तिथं पूर्वी मास्तरांनी लिहिलेली एक ओळ होती. प्रोग्रॅम नवा होता तेव्हा मास्तर कित्येक दिवस केंद्रात नुसते बसून राहिले होते, कोण कसं येतं, कसं जातं ते बघत. तिथून येऊन त्यांनी ती ओळ लिहिली होती: एका रुग्णाचं नाव एकाच दिवशी दोनदा आलं, तर प्रोग्रॅमनं थांबायचं आणि नर्सच्या पडद्यावर लिहायचं, "पुसू नका, विचारा." जावईबापूंनी ती काढली होती. एकच नाव दोनदा म्हणजे चुकून पडलेली नोंद, म्हणून त्यातली एक गुपचूप पुसायची, असं त्यांनी ठरवलं होतं. दिसायला ते शहाणपणाचंच होतं.

तिच्या मनात काहीतरी खटकलं, हे खरं. पण ती स्वतःला म्हणाली, ओळ मास्तरांची आहे. काढायला नको असेल तर तेच बोलतील, आपल्या ओळीवर कुणी बोट ठेवलं तर मास्तर आकाशपाताळ एक करतात. तिनं शून्य नंबरच्या खुर्चीचा खडा टाकला आणि कोड पाठवून दिला. तिची कॉफी संपायच्या आत शेरा आला: "ओळ न् ओळ वाचली. शून्य नंबरच्या खुर्चीवर कोणाला बसवतेस, साहेबांना? खडा काढला. यादी आता आरशासारखी लख्ख. जावईबापूंना माझा नमस्कार."

म्हणजे मास्तरांनी आपली ओळ गेलेली पाहिली आणि चालेल म्हटलं. मग आपण कोण? तिनं कोड केंद्राकडे पाठवला.

बरेच दिवस काही झालं नाही. मग एका शुक्रवारी केंद्रातल्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रानं मान टाकली आणि अर्ध्या खुर्च्या बंद ठेवाव्या लागल्या. प्रोग्रॅमनं क्षणात सगळ्यांना नवे वार दिले. ताईचं शुक्रवारचं डायलिसिस सोमवारी ढकललं. पण सोमवारी ताईचं नाव आधीच होतं, तिचं नेहमीचं. एकच नाव दोनदा, म्हणून प्रोग्रॅमनं त्यातलं एक पुसलं. जे राहून गेलं ते राहून गेल्याची खूणही त्याबरोबर गेली. यादी आरशासारखी लख्ख झाली.

आणखीही काही जणांचं असंच झालं होतं. पण त्यांनी काउंटरवर जाऊन आरडाओरडा केला. घोरणाऱ्या ड्रायव्हरनं तर "मला आज बसवल्याशिवाय मी इथून हलणार नाही" म्हणून बैठकच मारली. नर्सबाईंनी कपाळाला हात लावला आणि अशांना शनिवारी कसंबसं बसवून घेतलं. ताईलाही त्यांनी विचारलं, "मालकीणबाई, तुमचं कसं करायचं?" ताई म्हणाली, "यादी काय म्हणते?" यादी म्हणत होती सोमवार. "मग सोमवार," ताई म्हणाली, "माझ्या धाकटीची यादी आहे, चुकायची नाही." आणि भांडणाऱ्यांना वाट करून देत ती घरी आली.

संध्याकाळी तिनं धाकटीला सांगितलं, तेव्हा धाकटी जरा चरकली. तिनं लगेच फोनवर यादी उघडून पाहिली. कुणाचं डायलिसिस राहिलं असेल तर नावापुढे लाल खूण दिसते. ताईच्या नावापुढे काहीच नव्हतं. म्हणजे डॉक्टरांनीच या वेळचं सोडून दिलं असेल, तब्येत बरी आहे ना, असं तिनं मानलं. मास्तरांनी वाचलेला कोड होता. ज्यावर स्वतःच्या बहिणीचा जीव ठेवावा असं तिच्या जगात जे काही होतं, ते सगळं त्या कोऱ्या पडद्यामागे उभं होतं.

रविवारी सकाळी ताईला श्वास घेता येईना. पाय सुजून घोट्याचं हाड दिसेनासं झालं होतं. उशीला टेकून बसवलं तरी ती तोंड उघडून हवा शोधत होती. गाडीत तिनं धाकटीचा हात इतका घट्ट धरला, की त्या शिवणाऱ्या बोटांचे वळ मनगटावर उठले. मोठ्या इस्पितळात तिला तातडीनं यंत्रावर घेतलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. मधलं डायलिसिस का चुकवलं?"

दुपारी ताई बोलायला लागली. पहिलं वाक्य हेच, "तुझी यादी चुकली का गं?"

"हो, ताई."

"मग मीही भांडायला हवं होतं," ताई म्हणाली. "बाकीचे भांडले. मी म्हटलं, माझं माणूस आहे तिथं." तिच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. नंतर तिनं विचारलं, "आता दर वेळी विचारत जाऊ का, की माझं खरंच आज आहे की नाही?"

"विचारत जा," धाकटी म्हणाली, आणि तोंड धुवायला म्हणून बाहेर गेली.

सोमवारी ती ऑफिसात शिरली ती सरळ मास्तरांच्या टेबलाशी. बॅगही खाली ठेवली नाही. चूक तिला रविवारीच सापडली होती, शोधायला वेळ लागला नव्हता. तिला वेगळंच काही हवं होतं. मास्तरांनी तो कोड वाचून आपली ओळ का जाऊ दिली, याचं कारण तिला हवं होतं. काहीतरी कारण असेलच, याबद्दल तिला अजूनही खात्री होती. माणूस चुकतो, मास्तरही चुकले असतील. चूक तिला झेपली असती.

"मास्तर, तुमची ती ओळ काढलेली तुम्ही चालवून का घेतलीत?"

मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "कुठली ओळ?"

"पुसू नका, विचारा."

"ती? ती आहे की," मास्तर म्हणाले. "ती कशाला कोण काढेल?"

ज्या माणसानं कोड ओळ न् ओळ वाचला होता, त्याला आपली स्वतःची ओळ त्यात नाही हे आजपर्यंत माहीत नव्हतं. मास्तरांच्याही ते लक्षात आलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला आणि नजर नकळत पडद्याकडे गेली. तिचीही गेली. पडद्यावर जावईबापू उघडेच होते. तिनं शुक्रवारी पाठवलेल्या दुसऱ्या एका कोडसाठी मास्तरांनी त्यांना त्या सकाळी दिलेली सूचना तिथं दिसत होती: "चाळणीचा कोड आहे. नेहमीप्रमाणे एक मुद्दाम टाकलेली चूक असेल, ती शोध. माझ्या पद्धतीनं शेरा लिही. सुरुवात 'ओळ न् ओळ वाचली' अशी कर. तिची थोडी चेष्टा कर, तिला आवडते."

तिनं ते दोनदा वाचलं. खडे दर वेळी का सापडत होते ते आता तिला कळलं. तेरावा महिना, शून्य नंबरची खुर्ची, दोनशे वर्षांचा रुग्ण: असल्या चुका तर जावईबापूंना बसल्या जागी दिसतात. त्यांना दिसत नाही ते केंद्रात दिवसच्या दिवस बसून पाहिलेलं. जावईबापूच लिहीत होते, जावईबापूच तपासत होते आणि जावईबापूच स्वतःला नमस्कार सांगत होते. आणि मधे ही शहाणी, खडा सापडला म्हणून निर्धास्त!

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"झालं बरंच," मास्तर म्हणाले. "अगं, किती यायला लागलं वाचायला! माझे डोळे... निवृत्तीला थोडाच काळ राहिलाय. तू भराभरा पाठवत होतीस. मी मागे पडतोय म्हटलं असतं तर साहेबांनी दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. आणि खडा तर सापडत होता ना! मला वाटलं, खडा सापडतोय म्हणजे..."

"मला सांगायचंत," ती म्हणाली. "मी कमी पाठवलं असतं. मी तुमच्या वाटचंही वाचलं असतं. मास्तर, माझी ताई त्या खुर्चीत बसते. तुम्ही तिला भेटलायत. आमच्या घरी जेवलायत तुम्ही."

लाल पेन टेबलावर होतं, टोपण घट्ट लावलेलं.

"तो शेरा," ती म्हणाली. "आई गेली तेव्हाचा. लिहिणारी रडत होती असं वाटलं, म्हणून लिहिलंत. तो तुम्ही लिहिलात का?"

इतका वेळ खाली असलेली मास्तरांची मान वर आली. त्यांनी आठवून पाहिलं, खरंच मनापासून आठवून पाहिलं, हे तिला दिसत होतं. तेच तिला सोसवेना. "मी कधी स्वतः लिहायचो, कधी त्याला सांगायचो," ते हळू म्हणाले. "आठवत नाही गं. सगळं साठवलेलं असतं. शोधून बघू का?"

"नको," ती म्हणाली.

केसानं गळा कापणं म्हणतात ते तिनं त्या दिवशी अनुभवलं. शत्रूनं कापला असता तर निदान ओरडता तरी आलं असतं. ती आपल्या जागेवर जाऊन बसली. साहेब आले, ताईची चौकशी केली, आणि म्हणाले, "जावईबापूंना सांगा ना दुरुस्त करायला." तिनं सांगितलं. जावईबापूंनी पापणी लवायच्या आत उत्तर दिलं: तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, अशी नोंद पुसायला नको होती, गैरसोयीबद्दल मनापासून क्षमस्व. मग कोड दुरुस्त करून दिला आणि नव्या हिरव्या खुणाही. ज्याला झोप नाही, बहीण नाही, ज्याचं कधी काही जाणारच नाही, त्याची ती मनापासूनची क्षमा बघून चाळणीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्याच्यावर ओरडून काय करायचं? त्यानं तिला कधी शब्द दिला नव्हता. शब्द मास्तरांनी दिला होता, आणि तोही इतकी वर्षं, दर शेऱ्याच्या पहिल्याच वाक्यात.

मास्तरांबद्दल तिनं साहेबांना काही सांगितलं नाही. दयेपोटी नाही. सांगितलं असतं तर साहेबांनी "पण वेळ वाचत होता ना?" असं विचारलं असतं, आणि ते ऐकायची तिची तयारी नव्हती. मास्तरांनी मात्र स्वतःच साहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं. साहेबांनी "यापुढे काळजी घ्या" एवढंच म्हटलं आणि त्यांना ठेवून घेतलं.

ताई घरी आली. पुन्हा केंद्रात जाऊ लागली. पण आता ती काउंटरवर थांबून विचारते, "माझं आज आहे ना? नक्की ना? जरा पुन्हा बघा." नर्सबाई पुन्हा बघतात. मालकीणबाई म्हणून त्या आता हाक मारत नाहीत. बुधवारी शेजारी स्टुलावर बसलेली धाकटी हे सगळं ऐकते आणि ताईच्या नळ्यांकडे बघत राहते.

यादीचा तो भाग चाळणीनं पुन्हा लिहिला, या वेळी स्वतःच्या हातानं. मास्तरांची ओळ जागच्या जागी परत आणली. मग सवयीनं त्यात एक खडा टाकला. टाकल्यावर तिला हसू आलं, पण तो तिनं काढला नाही. कोड मास्तरांकडे गेला.

शेरा त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. समोरच्या टेबलावर मास्तर पडद्याला नाक लावून बसलेले दिसत, हातात लाल पेन, ओळीखाली बोट. शेरा आला तो आठवडा सरता सरता. त्यात "ओळ न् ओळ वाचली" नव्हतं, चेष्टा नव्हती, दोन शब्द तर चुकीचे टाइप झाले होते. दोन ठिकाणी मास्तरांना शंका होती, आणि दोन्ही शंका रास्त होत्या. तिच्याही डोळ्यांतून सुटलेलं त्यांनी धरलं होतं.

खडा मात्र त्यांना सापडला नव्हता.

तिचा ऊर एकदम भरून आला. जावईबापूंच्या नजरेतून खडा कधीच सुटला नसता. म्हणजे या वेळी माणसानंच वाचलं होतं, दुखऱ्या डोळ्यांनी, चुकत माकत. उठून जावं आणि म्हणावं, मास्तर, कॉफी तुमच्यावर लागली. ती खुर्चीतून अर्धी उठलीसुद्धा.

आणि तिथंच तिच्या मनात आलं, की खडा सापडला तरी सांगू नकोस असंही जावईबापूंना सांगता येतं. शंका काढ, पण चेष्टा करू नकोस. दोन शब्द चुकीचे लिही. चार दिवसांनी पाठव.

तिनं समोर पाहिलं. मास्तर तिच्याकडेच बघत होते, शाळेत निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे. त्यांनी खरंच स्वतः वाचलं असेल. बहुतेक वाचलंच होतं. पण ताई दर वेळी काउंटरवर उभी राहून विचारते, तसं आपणही आयुष्यभर यांना विचारत राहणार, हे तिला कळून चुकलं. आणि खडा सापडला तरी, नाही सापडला तरी, आपल्याला उत्तर पटणार नाही.

ती परत खाली बसली. आपला खडा तिनं स्वतःच काढला आणि कोड पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.